शंभराला वीस

त्या वर्षी आमच्या घरात भाकरी थापायचा आवाज बंद झाला. लातूरला आम्ही दोन खोल्यांत राहायचो. मधे दाराऐवजी पडदा होता, त्यामुळे आईचा हात पिठावर पडला की सगळ्या घराला ऐकू जायचं आणि माझी धाकटी बहीण सोनू असेल तिथून उठून गॅसच्या ओट्यापाशी येऊन उभी राहायची. सहा वर्षांची होती. मागायची नाही, रडायची नाही, नुसती तव्यावर फुगणाऱ्या भाकरीकडे बघत राहायची. आईला ते बघवेना. तिने पिठाचा डबा उचलला आणि शेजारच्या काकूंकडे जाऊन भाकरी करायला लागली. येताना टोपली पदराखाली झाकून आणायची. मग आई, पप्पा आणि मी पाळीपाळीने मागच्या मोरीच्या दाराशी उभं राहून, तोंडाचा आवाज होऊ न देता जेवायचो. भाकरी मोडतानाही आवाज होतो, हे मला त्या वर्षी कळलं.

सोनूला फिट यायच्या. कधी मान एकदम छातीवर पडायची आणि हातातली वाटी सुटायची, कधी सगळं अंग ताठ होऊन थरथरायचं. दिवसाला किती, ते मोजायचं आईने सोडून दिलं होतं. तीन औषधं चालू होती आणि तिन्हींनी मिळून पोरगी फक्त पेंगुळली होती. लोक सांगायचे तेही सगळं झालं होतं, कांदा हुंगवून झाला, चप्पल नाकाला लावून झाली. पप्पांना ते पटायचं नाही. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखवून ते म्हणायचे, आपल्या घरात डॉक्टर म्हणेल तेच होईल. शेवटी हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता औषध वाढवून उपयोग नाही, जेवण बदलून बघू. अंगाला साखर आणि पिष्ट, म्हणजे भाकरी-भातात असतं ते, मिळेनासं झालं की ते चरबी जाळायला लागतं, आणि त्या जळण्यातून जे तयार होतं ते काही मुलांच्या मेंदूला शांत ठेवतं. पण त्यात हलगर्जी चालत नाही. सोनूच्या वाट्याला दिवसभरात दहा ग्रॅम पिष्ट आलं. उरलेलं सगळं लोणी, तूप, साय, अंडी, पनीर आणि ओलं खोबरं.

दवाखान्यातून येताना पप्पांनी सोनाराकडे असतो तसला छोटा वजनकाटा आणला, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. डाएटच्या मॅडमनी दिलेला तक्ता इंग्रजीत होता. आई सातवी शिकलेली. दवाखान्यात शिकवून घेताना तिने दोन पॉइंट पाचला पंचवीस वाचलं, मॅडम हसल्या नाहीत, पण आईचा चेहरा उतरला. घरी आल्यावर तिने काटा माझ्यापुढे सरकवला. माझं गणित चांगलं होतं. मी नववीत होते. त्या दिवसापासून सोनूच्या ताटातली प्रत्येक गोष्ट मी मोजायला लागले. शाळेत जायच्या आधी तीन वेळचं मोजून, डब्यांवर कागद चिकटवून ठेवायचे. लोणी बावीस पॉइंट चार, काकडी अठरा. आई ते डबे उघडून फक्त शिजवायची आणि भरवायची. पंधराव्या-सोळाव्या दिवशी फिट थांबल्या. पूर्ण थांबल्या. पप्पांनी दवाखान्याला फोन लावला आणि सांगता सांगता तो आईच्या हातात दिला. आल्यागेल्याला ते सांगायचे, आमच्या सुजाताने पोरगी वाचवली. हे ऐकून मला अभिमान वाटायचा असं कुणाला वाटेल. मला रात्रंदिवस फक्त भीती वाटायची. परीक्षेत पेपर लिहिता लिहिता आठवायचं, आपण सायीच्या वाटीचं वजन वजा केलं होतं का?

आज पाकिटांच्या मागे बारीक अक्षरांत सगळं छापलेलं असतं आणि मी दुकानात चष्मा कपाळावर चढवून ते वाचत उभी राहते. मुलं कंटाळून पुढे निघून जातात. त्यांना वाटतं आईला वजन कमी करायचंय.

तर असे पाच महिने गेले. माझी परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात चाकूरला आईची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. आईला जावं लागलं. पप्पांना मार्चअखेरच्या कामामुळे रजा मिळेना. मग पप्पांनी आम्हा दोघींना नांदेडला आत्याकडे नेऊन सोडलं. आत्याचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, विष्णुपुरीच्या कॉलेजात वर्कशॉपला होते आणि तिथेच जवळ त्यांचं घर होतं. निघताना आईने काटा कापडात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला आणि पिशवीवरून हात फिरवला.

आत्याचं घर मोकळंढाकळं. तिथे पडदा नव्हता, लपवाछपवी नव्हती. सकाळी मामा बिनसाखरेचा चहा घेऊन बसायचे आणि चार तपकिरी स्लाईस खायचे. त्यांना शुगर होती. कोपऱ्यावरच्या बेकरीतून तो ब्रेड यायचा, साध्या पांढऱ्या पिशवीत, वर दोरा बांधलेला, ना नाव ना छाप. बेकरीच्या पाटीवर मात्र लाल रंगात लिहिलं होतं, शुगरवाल्यांसाठी स्पेशल सोया ब्रेड. दुपारी चारला त्या बेकरीची भट्टी उघडायची आणि तो वास सगळ्या गल्लीत भरायचा. घरातलं कोण कुठे आहे ते बघायची गरज नव्हती, सोनू खिडकीच्या गजाला नाक लावून उभी असायची.

पहिल्याच दिवशी मामांनी एक स्लाईस तिच्यापुढे धरली. मी धावत गेले. पण सोनूने हात पुढे केलाच नव्हता. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, ह्याच्यात किती हाय?"

खाऊ का, असं तिने विचारलं नाही. पाच महिन्यांत तिला एवढं कळलं होतं की प्रत्येक खाण्याच्या पोटात एक आकडा असतो, आणि तो आकडा ताईला माहीत असतो. मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, बघते.

मामांचं म्हणणं, ह्यात मैदा नाहीच, सोयाबीन आहे, म्हणून तर शुगरला चालतो. आत्याचं म्हणणं, लेकराला एवढंसं दिलं तर काय होतंय. मी तक्ता काढून बसले. साधा ब्रेड शंभर ग्रॅमला पन्नास. म्हणजे त्याची एक स्लाईस खाल्ली की सोनूचा सगळा दिवस संपला. पण सोयाचं पीठ त्याहून बरंच कमी. अर्धं सोया, अर्धी कणीक धरली तर मधला आकडा येत होता. त्यातून कोंड्याचे काही वजा केले. ब्रेडमध्ये पाणीही असतंच, त्याचेही थोडे वजा केले, खरं तर तक्त्यात ते आधीच धरलेलं होतं. असं करत करत मी शंभराला वीसपर्यंत आले. दहा ग्रॅमचा तुकडा दिला तर दोन. काकडी आणि टोमॅटो कमी केला की दोन सहज बसतात. तक्त्याच्या तळाशी मॅडमनी स्वतः पेनाने लिहिलं होतं की ज्याच्यावर छाप नाही ते देऊ नका, आणि द्यावंच लागलं तर जास्तीत जास्त धरा. ती ओळ मला पाठ होती. त्या दिवशी मी तिच्यावर वही ठेवली होती.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती मी बरीच वर्षं सांगितली नाही. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की पिष्टावर आयोडीन पडलं की ते काळंनिळं होतं. आत्याच्या फडताळात जखमेवर लावायचं टिंचर होतं. मी मागच्या अंगणात जाऊन ब्रेडच्या तुकड्यावर एक थेंब टाकला. तो जिथे पडला तिथे शाईसारखा काळा डाग उमटला, चांगला गडद. मी तो तुकडा हातात धरून उभी राहिले आणि मनात म्हणाले, अर्धी कणीक आहेच ना, काळं होणारच. मग तो तुकडा भिंतीपलीकडे टाकला.

सोनूने तो पहिला तुकडा खायला वीस मिनिटं लावली. वर त्याच्याएवढाच जाड लोण्याचा थर होता. ती कडेकडेने कुरतडत खात होती आणि मधेमधे तुकडा डोळ्यांसमोर धरून किती उरला ते बघत होती. ताटलीतला चुरा ओल्या बोटाने टिपून खाल्ला आणि मग रिकाम्या ताटलीचा वास घेतला. आत्याने पदराने डोळे पुसले. मलाही फार बरं वाटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी माझ्या बहिणीला काहीतरी दिलं होतं, नुसतं मोजलं नव्हतं.

संध्याकाळी पुन्हा दहा ग्रॅम दिला. दुसऱ्या दिवशी दोनदा पंधरा. रोज सकाळी सोनूची लघवी तपासायची एक पट्टी असायची. ती गर्द जांभळी आली म्हणजे अंग चरबी जाळतंय, सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी ती गर्द जांभळीऐवजी फिकट वांगी आली. मी स्वतःला सांगितलं, पोरीने पाणी जास्त प्यायलंय. तिसऱ्या दिवशी पट्टी नुसती गुलाबी. मी म्हटलं, डबी जुनी झाली असेल, उन्हाने खराब झाली असेल. पण त्या सकाळी मी ब्रेड दिला नाही. सोनूने मागितलाही नाही. ती बाहेरच्या ओट्यावर आत्याच्या पुढ्यात वेणी घालून घ्यायला बसली होती.

आत्याच्या हातातला कंगवा खाली पडल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तर सोनूचे डोळे एका बाजूला लागले होते आणि हात झटके देत होते. आत्या कांदा आणायला आत पळाली. मी सोनूला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी ओढणी घातली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. दोन मिनिटं आणि थोडी सेकंदं. दुपारी पुन्हा एक आली, लहान. दोन्ही वेळा झटके थांबल्यावर ती माझ्याकडे बघत होती, पण मला ओळखत नव्हती.

मामांनी हैदराबादला फोन लावून दिला. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. आजपासून फक्त तक्त्यातलं द्या, पट्टीचा रंग दोन-तीन दिवसांत परत आला पाहिजे, फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर लगेच दवाखान्यात न्या, असं सांगितलं. मग विचारलं, वेगळं काही खाल्लं होतं का तिने? मामा शेजारी उभे होते. मी म्हणाले, नाही.

दुसऱ्या दिवशी पप्पा आम्हाला न्यायला येणार होते. ते यायच्या आत मी पिशवीतून वजनकाटा आणि वही घेतली आणि बेकरीत गेले. काउंटरमागे पांढरी दाढी असलेले चाचा बसले होते, त्यांचीच बेकरी. मी विचारलं, सोया ब्रेडमध्ये काय काय असतं? त्यांना वाटलं माझ्या सोयऱ्याधायऱ्यांत कुणी बेकरी काढतंय. ते हसून म्हणाले, "वो तो धंदे की बात हाय, बेटी." मग मी त्यांना बहिणीचं सांगितलं. सांगताना रडले नाही, आकडे सांगितले. दिवसाचे दहा, मी धरले शंभराला वीस, आणि काल दोन फिट.

चाचा उठले. मला आत भट्टीजवळ घेऊन गेले आणि तिथे त्यांनी एकेक पोतं, एकेक डबा दाखवला. एका घाण्याला दहा किलो मैदा. सोयाचं पीठ अर्धा किलो. कोंडा किलोभर. अर्धा किलो साखर, खमीर फुलायला. रंगासाठी वेगळी साखर जाळून तिचं काळं पाणी. मी लिहीत गेले. घाणा भाजून निघाल्यावर एकूण वजन किती भरतं तेही विचारलं, कारण पाणी उडून जातं. तिथेच पिठाच्या पोत्यावर वही ठेवून भागाकार केला. शंभराला पन्नासच्या वर. साध्या ब्रेडपेक्षा तसूभरही कमी नाही, उलट साखरेमुळे थोडा जास्तच. म्हणजे माझ्या दहा ग्रॅमच्या तुकड्यात दोन नाही, पाच होते. पंधरात साडेसात.

मी वही त्यांच्यासमोर धरली. त्यांना आकडे कळले की नाही कोण जाणे, पण माझ्या तोंडाकडे बघून कळलं असावं. ते बराच वेळ पाटीकडे, म्हणजे पाटीच्या मागच्या लाकडाकडे बघत राहिले. "लोकं ब्राऊन मागाया लागले, म्हनून ब्राऊन केला," ते म्हणाले. "सोया टाकतो ना म्हनून सोया लिव्हलं. झूट नै लिव्हलं. पन बेटी, इतके सालात आत किती हाय ते कोन विचारलंच न्हाई." त्यांनी मला पाणी दिलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. बहिणीचं कळल्याबरोबर त्यांनी सगळं सांगितलं होतं, आणि मी मात्र विचारायच्या आधीच तिला ब्रेड दिला होता. पुढे आत्याने सांगितलं की त्या आठवड्यात पाटीवरचं शुगरवाल्यांचं नाव पुसलं गेलं. मामांनी तो ब्रेड सोडला, पण महिनाभर ते माझ्यावर नाराज होते.

पप्पा आले. आम्ही एसटीत बसलो. सोनू पप्पांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती आणि मी त्यांच्या मागच्या सीटवर एकटी. त्यांनी मान वळवून मला म्हटलं की तू मनाला लावून घेऊ नको, तू तर बरोबरच मोजतेस, आजारच तसा आहे. लोहा गेलं. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली. पप्पा पाणी आणायला उतरले, मी सोनूच्या उशाशी जाऊन बसले आणि तिचा श्वास मोजत राहिले. पुढचा मोठा स्टॉप चाकूर होता. आजीजवळ मावशी आली होती, म्हणून आई चाकूरला याच गाडीत चढणार होती. मला ती गाडी बंद पडावी असं वाटत होतं. ते आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच मी चाकाखालचा प्रत्येक वेगळा आवाज आशेने ऐकत होते.

गाडी बंद पडली नाही. चाकूरला आई चढली, आधी सोनूच्या कपाळावर, गालावर, पायांवर हात फिरवला आणि मग माझ्या शेजारी येऊन बसली. गाव मागे पडल्यावर मी बोलायला लागले. ब्रेडचं सांगितलं, वजा केलेल्या आकड्यांचं सांगितलं, पट्टीच्या रंगाचं, मॅडमना खोटं बोलल्याचं सांगितलं. टिंचरच्या डागाचं तेवढं सांगवलं नाही. आई समोरच्या सीटच्या दांड्याला धरून ऐकत होती. मला वाटलं ती मारेल. मारावं असंही वाटत होतं.

"दहा ग्रॅम म्हंजे केवढा?" तिने विचारलं.

मी बोटांनी दाखवला. अर्ध्या स्लाईसपेक्षाही लहान.

"एवढ्यानं?"

"त्यात पाच असतात आई. तिला दिवसाचे दहाच हायती."

आई खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर तुरी काढून झालेली उघडी रानं होती. मग ती हळू बोलली, पप्पांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. "पाच म्हैने झाले अन् मला दहा ग्रॅम केवढं असतंय ते ठावं न्हाई. तिची माय मी हाय का तू?"

ते वाक्य मला लागायला हवं होतं. पण पाच महिने छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं, आणि मी इतकी रडले की कंडक्टर बघायला लागला. आईने मला जवळ घेतलं नाही. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो तिने लातूर येईपर्यंत काढला नाही.

संध्याकाळी घरी पोचल्यावर तिने तोंड धुतलं, सतरंजीवर काटा ठेवला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. पॉइंटच्या पुढं काय येतं ते शिकीव, म्हणाली. मी तिला शिकवलं. दोन आणि तीनच्या मधे दहा पायऱ्या, असं म्हणून दाखवलं. तिने लोणी ठेवलं, वाचलं, चुकली, काढलं, पुन्हा ठेवलं. पप्पा उंबऱ्यात उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन करून तिने स्वतः सगळं खरं सांगितलं, ब्रेडसकट. मॅडम काय बोलल्या ते तिने मला कधीच सांगितलं नाही.

ब्रेड बंद केल्यावर चौथ्या दिवशी पट्टी जांभळी झाली. फिट त्यानंतर आठवडाभर तुरळक येत राहिल्या आणि मग थांबल्या. ते जेवण सोनूने आणखी दीड वर्षं खाल्लं आणि पुढे डॉक्टरांनी हळूहळू सोडवलं. आज ती एका शाळेत शिकवते आणि तिच्या नवऱ्याला लग्नाआधीच सगळं सांगितलेलं आहे, आईच्या आग्रहाने. टिंचरच्या डागाचं मी तिला मागच्या वर्षी सांगितलं. ती म्हणाली, तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस ताई, माझ्या वर्गातल्या पोरींएवढी. एवढंच म्हणाली.

आईला शिकवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मला उशिरा जाग आली. ऊन पडद्यापर्यंत आलं होतं. मी दचकून उठले आणि स्वयंपाकघरात धावले, तर तिन्ही डबे भरून ठेवलेले होते. सोनू न्याहारी करत होती. मी वही उघडली. आईच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत त्या दिवसाचं सगळं लिहिलेलं होतं. लोणी, साय, पनीर, काकडी. प्रत्येक आकड्यातला पॉइंट तिने पेन दाबून, गोल गोल फिरवून काढला होता, मसुरीच्या दाण्याएवढा. मी काटा काढून प्रत्येक वजन पुन्हा तपासलं. सगळी बरोबर होती. मग मी परत जाऊन अंथरुणावर पडले, आणि आईने मला उठवलं नाही.